बाराच्या उन्हातली अक्षरं

रामजन्माचं कीर्तन म्हणजे घड्याळाशी लावलेली शर्यत. एरवी कीर्तन संध्याकाळचं, निवांत. कुणी उशिरा यावं, कुणी खांबाला टेकून डुलकी काढावी, देव काही रागवत नाही. पण चैत्र शुद्ध नवमीला बाराच्या ठोक्याला राम जन्मलाच पाहिजे. आख्यान कितीही रंगात आलेलं असो, पावणेबारा झाले की कीर्तनकाराची नजर घड्याळाकडे आणि बायकांची पाळण्याकडे.

पेठेतल्या राममंदिरात हे कीर्तन वर्षानुवर्षं द्वारकाताई करत आल्या होत्या. नऊवारी, कमरेला घट्ट शेला, हातात चिपळ्या आणि आवाज असा, की रस्त्यानं जाणाऱ्यानं स्कूटर बाजूला लावावी. आणि त्यांच्या बरोबर समोर, पहिल्या रांगेत, बाळ मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले संस्कृतचे शिक्षक. द्वारकाताई म्हणायच्या, "मास्तर समोर असले की चुकायची सोय नसते." मास्तर म्हणायचे, "चुका हो खुशाल, पण सुरात चुका."

मग एका तापात मास्तरांचे कान गेले. थोडेथोडके नाहीत, ठार गेले. तरी ते कीर्तनाला जात राहिले. ताईंच्या ओठांकडे बघायचे, आजूबाजूचे हसले की हसायचे, माना डोलल्या की मान डोलवायचे. आख्यानं सगळी पाठच होती म्हणा. निभावत होतं.

आणि एका रामनवमीला घात झाला. द्वारकाताई श्रावणबाळाची कथा सांगत होत्या. बाण वर्मी लागलाय, आंधळे आईबाप पाण्याची वाट बघताहेत. ताईंनी ओंजळ तोंडाशी नेली, मान कलती केली. मास्तरांना वाटलं, मघाचा दशरथाच्या शिकारीचा विनोदच पुढे चाललाय. ते खो खो हसले. बहिऱ्या माणसाला आपलं हसू किती मोठं झालं ते कळत नाही. सगळा मंडप वळून बघायला लागला. डोळ्यांना लावलेले पदर तिथल्या तिथे थांबले.

मास्तरांनी त्या नजरा बघितल्या, उठले, चपला शोधल्या आणि जन्माचा गुलाल न घेता वारज्याला घरी आले.

त्यांची सून पद्मजा मागोमाग आलीच. मास्तरांशी बोलायचं तर पाटीवर लिहावं लागे. तिनं लिहिलं, "बाबा, कुणीही मनावर घेतलं नाही."

मास्तरांनी वाचलं. "मी घेतलं," ते म्हणाले आणि पाटी पुसून ठेवली.

त्यानंतर कीर्तन बंद. नारळी पौर्णिमेचं नाही, गोकुळाष्टमीचं नाही. ज्या माणसाच्या आठवड्याची मोजणीच कीर्तनावर चाले, तो आता गॅलरीत बसून समोरच्या सोसायटीतल्या गाड्या धुतल्या जाताना बघायचा. पद्मजाचा नवरा सुदर्शन हिंजवडीला सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. मास्तरांचं ते बसणं दिवसभर बघायची ती पद्मजा, आणि तिला ते बघवेना.

ही पद्मजा काचेतच वाढलेली बाई. पदवी घेतली ती थेट दुर्बिणी बनवणाऱ्या कारखान्यात गेली. परदेशी माल खुला झाला आणि कारखाना बसला. मग पुण्यात संगणकाचं पीक आलं. बरोबरीच्या सगळ्यांनी क्लास लावून भिंगं सोडली, ही मात्र भिंगाला धरून राहिली. "उजेडाशी प्रामाणिक राहिलं की तो फसवत नाही," असं तिचं म्हणणं. लोक हसायचे. आता वारज्यातच शौनक नावाच्या एका तरुण मुलाच्या छोट्याशा कंपनीत ती काचेचं काम बघायची. तिथे एक नवलाचा चष्मा बनत होता.

चष्मा दिसायला साधा, काडी जरा जाड. काडीत इवलासा दिवा आणि त्याच्यापुढे इवलासा पडदा. त्या पडद्यावरची अक्षरं काचेच्या एका कडेनं आत शिरायची आणि दोन्ही बाजूंना आपटत, बाहेर न सांडता, काचेच्या पोटातून पुढे जायची. डोळ्यासमोर काचेवर केसाहून कितीतरी बारीक रेघा होत्या, तिथे त्यातला थोडा उजेड वळून डोळ्यात यायचा. मग घालणाऱ्याला समोरचं जग तर दिसायचंच, वर त्या जगात हवेत लटकलेली अक्षरंही दिसायची. कारखान्यात दोन्ही हात यंत्रात गुंतलेल्या माणसाला सूचना वाचता याव्यात, म्हणून शौनकनं हा घाट घातला होता. पद्मजाला मात्र पहिल्या दिवसापासून त्यात एकच माणूस दिसत होता. फोननं ऐकायचं, ऐकलेलं मराठीत लिहायचं आणि ते चष्म्यात दाखवायचं. म्हणजे बाबांचे कान डोळ्यात आले.

शौनक चांगला मुलगा. "ताई, घेऊन जा ना घरी. काकांनाच टेस्टर करा," म्हणाला.

दिवेलागणीला तिनं तो चष्मा मास्तरांच्या नाकावर चढवला. फोन तोंडाशी धरून म्हणाली, "बाबा, चहा ठेवू का?"

मास्तर दचकले. तिच्या पदराशेजारी हवेत सोनेरी अक्षरं उभी होती. त्यांनी हात पुढे करून ती चाचपून बघितली. मग म्हणाले, "ठेव. आणि 'ठेवू'तला वू दीर्घच लिहिलाय हो यानं. शिकवलेला दिसतोय."

पण सकाळी गॅलरीत गेले, आणि अक्षरं गायब. उन्हानं गिळून टाकली. मास्तरांनी चष्मा काढून सुनेच्या हातात दिला. "तुझा हा चष्मा घुबडाचा आहे. दिवसा आंधळा."

"मग संध्याकाळच्या कीर्तनाला चला," तिनं लिहिलं.

"मी भर दुपारी हसलोय. जिथं हसलो तिथंच, त्याच वेळेला जाऊन बसेन. नाहीतर कुठंच नाही."

मूळचा पेठेतला माणूस. त्याच्या 'नाही'चा 'हो' करायला ब्रह्मदेव आला तरी त्याला दुपारी चारनंतर या म्हणतील. पद्मजानं जाणलं, आता पुढची रामनवमी हीच मुदत. बाराचं ऊन, वर मंडपाचं पांढरंशुभ्र कापड, आणि त्या लखलखाटात दिव्याची अक्षरं दिसायला हवीत.

अडचण अशी, की दिव्यातून निघालेल्या उजेडाच्या शंभर वाट्यांतला जेमतेम एक डोळ्यापर्यंत पोचत होता. बाकीचा कुठे जातो ते कळत नव्हतं. शौनकचं म्हणणं, तो आत शिरतानाच सांडतो. त्याचा उपाय सोपा: दिवा मोठा करा. दिवा मोठा केला की काडी तापायची आणि बॅटरी बसायची.

"बाबांचं एका कानाचं काम करताना दुसरा भाजायचा," पद्मजा म्हणाली.

"ताई, सूर्याशी कॉम्पिटिशन आहे. काहीतरी जाळावंच लागेल."

खंडेनवमी आली. कंपनीत हत्यारांची पूजा. काचेवर रेघांचा ठसा उमटवणारं यंत्र चालवायचा उत्तरेश्वर, धाराशिवकडचा. त्यानं पहाटे येऊन सगळं झाडून पुसून ठेवलं होतं, झेंडूची तोरणं बांधली होती. पूजेचा मान पद्मजाताईंना. त्यांनी ओल्या कुंकवात बोट बुडवलं. यंत्राला टिळा, संगणकाला टिळा, स्क्रूड्रायव्हरला टिळा. हाताला लय लागली होती, ओठांवर नाम होतं, मन बाबांपाशी होतं. आणि त्याच लयीत टेबलावर लावून ठेवलेल्या नव्याकोऱ्या काचेलाही टिळा लागला.

"ताई!" शौनक किंचाळला. "ग्लासला? ग्लासला कुंकू?"

ज्या काचेला हातमोज्याशिवाय शिवायचं नाही, असं पद्मजा स्वतःच पोरांना बजावायची, तिला तिनंच कुंकू फासलं होतं.

"देवाच्या नावानं चुकलंय ताई, देव बघून घेईल," उत्तरेश्वर म्हणाला. "पर सायेब न्हाय बघायचे."

ती फडकं घेऊन धावली, आणि हात वरच राहिला. काचेचा दिवा चालू होता. आणि तो कुंकवाचा ठिपका निखाऱ्यासारखा पेटला होता. बाहेरून नव्हे, आतून. गाभाऱ्यात समईची ज्योत मोठी करावी आणि देवाच्या मुकुटातलं माणिक उजळावं, तसा.

"पुसू नका," ती हलकेच म्हणाली. "कुणीही हात लावू नका."

ओलं कुंकू काचेला चिकटलं होतं, त्या जागी आतल्या उजेडाला आपटून परतायला वाव उरला नव्हता, म्हणून तो कुंकवात शिरून बाहेर पडत होता. इथवर कुणालाही कळेल. पण ठिपका कुठे होता? काचेच्या पार शेवटच्या कडेला, डोळ्यासमोरच्या रेघांच्याही पलीकडे. म्हणजे उजेड शिरताना सांडत नव्हता! तो बिचारा आत शिरत होता, सगळी वाट चालत होता, डोळ्याच्या दारावरून जात होता, आणि दाराशी कुणी 'या' म्हणत नव्हतं म्हणून पुढे जाऊन अंधारात बुडत होता. इतके दिवस ज्याला दरिद्री म्हणून हिणवलं, तो दारावरून भरल्या हातांनी जात होता.

पद्मजानं काचेला हात जोडले. शौनकनं चपला काढल्या. का काढल्या ते त्यालाही सांगता आलं नसतं.

आता वाटलं, झालंच काम. शेवटच्या कडेला आरसा चढवावा, म्हणजे गेलेला उजेड परत येईल आणि दुसऱ्या खेपेला डोळ्यात जाईल. चढवला. उजेड परतला खरा, पण उलटा होऊन. सुलट्या अक्षरांवर त्यांचीच आरशातली भुतं येऊन बसली. मास्तरांनी घालून बघितला. "छान. म्हणजे आता मी एका हातात आरसा घेऊन कीर्तनाला जायचं," एवढंच बोलून चष्मा परत दिला.

मग रेघा खोल केल्या, उजेड जास्त वळावा म्हणून. तर पहिल्या रेघांनीच सगळा ओढून घेतला. काचेची एक बाजू झगझगीत, दुसरी आंधळी, आणि डोळा जरा हलला की अक्षर अर्धं. उथळ ठेवाव्यात तर उजेड पुढे निघून जातो, खोल कराव्यात तर पुढच्यांना उरत नाही. कार्तिक असाच गेला.

दत्तजयंतीला पद्मजा एकटीच कीर्तनाला गेली. कीर्तन संपल्यावर द्वारकाताईंनी तिला बाजूला घेतलं. "मास्तर?"

तिनं नकाराची मान हलवली.

"त्यांना सांग, समोर चुका काढणारं कुणी नाही, माझं कीर्तन अळणी झालंय," ताई म्हणाल्या आणि सुंठवड्याचा डबा तिच्या हातात दिला. "घे, वाट जरा. तेवढीच सेवा."

पद्मजा बायकांच्या रांगेनं निघाली. रांग लांब, डबा एक. पुरला पाहिजे या धास्तीनं ती प्रत्येकीच्या हातावर चिमूट चिमूट ठेवत गेली. शेवटी कांताबाई बसल्या होत्या. त्यांनी हातावरची चिमूट बघितली, मग डब्यात डोकावल्या.

"सुंठवडा आहे की तपकीर? अहो, पाऊण डबा तसाच. घरी न्यायचाय वाटतं?"

बायका हसल्या. पद्मजाही हसली, आणि हसता हसता थांबली. समोर पुरुषांची रांग होती. तिनं डब्यात बघितलं, रांगेकडे बघितलं. आता चिमूट नाही. जितकी माणसं उरलीत तितके वाटे नजरेनं पाडायचे आणि त्यातला एक द्यायचा. पहिल्याला डब्याचा छोटा हिस्सा. पुढे डबा रिता होत जातो आणि रांगही तोकडी होत जाते, म्हणून पुढच्याला उरलेल्याचा जरा मोठा हिस्सा. मग आणखी मोठा. आणि शेवटच्या माणसाच्या हातावर डबा उपडा. सगळ्यांच्या हातावर सारखाच प्रसाद, आणि डब्यात कण नाही.

ती तिथेच खांबापाशी बसली. तिच्या रेघा सगळीकडे सारख्या होत्या! सगळ्यांनी सारखा हिस्सा उचलायचा, हीच चूक. पहिल्या रेघेनं हळूच घ्यावं, पुढचीनं जरा हात सैल सोडावा, आणि शेवटचीनं उरलेलं सगळं पदरात घ्यावं. उथळापासून खोलाकडे, इतक्या हळूहळू, की कुठे बदललं ते कळू नये. ज्या मंडपात हे डोळ्यांदेखत चालतं, तिथे जन्म काढूनही ते आपल्याला आज दिसावं, या विचारानं तिला एकदम रडूच आलं.

"काय हो, मी सहज बोलले," कांताबाई घाबरल्या.

"नाही हो काकू. उलट फार मोठं काम केलंत."

दुसऱ्या दिवशी कंपनीत शौनकनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाहेरच्या मोठ्या कंपन्या असंच काहीतरी करतात म्हणे ताई. पण कसं, ते कुणी सांगत नाही."

"मग आपण आपलं आपण वाटू."

सोपं नव्हतं. डोळ्याला न दिसणाऱ्या रेघा, आणि त्यांच्या खोलीत डोळ्याला न दिसणारा चढ. एक साचा फसला, दुसरा तडकला. पौष गेला, माघ गेला. होळीच्या सुमाराला उत्तरेश्वरनं एक काच यंत्रातून काढली, उजेडाकडे तिरकी धरली आणि ताईंच्या हातात दिली. त्याच दुपारी तिघं इमारतीच्या गच्चीवर गेले. वर तापलेलं पांढरं आभाळ, खाली तापलेली फरशी. शौनकनं चष्मा घातला. उत्तरेश्वर फोनमध्ये बोलला, "सायेब, जेवायला चला, भाजी गार व्हायलीय."

शौनक हलेना. आभाळाकडे तोंड करून तसाच उभा.

"दिसतंय का?" पद्मजानं विचारलं.

"ताई," तो म्हणाला, "आभाळावर 'भाजी गार व्हायलीय' लिहिलंय."

दिवा तोच होता, जुनाच. एक कणही वाढवला नव्हता.

रामनवमी आली. पद्मजानं आदल्या दिवशीच मांडववाल्याला गाठून ठेवलं होतं. द्वारकाताईंच्या माईकमधला आवाज थेट फोनमध्ये येईल आणि फोनमधून चष्म्यात, अशी जोडणी उत्तरेश्वरनं केली. मास्तर धोतर नेसून, चष्मा चढवून पहिल्या रांगेत येऊन बसले. कुणी कुजबुजलं, कुणी कोपरानं ढोसलं. मास्तर ताठ. द्वारकाताईंनी बघितलं आणि चिपळ्या कपाळाला लावल्या.

पद्मजाचे डोळे मास्तरांवर खिळले होते. पांढऱ्या कापडातून ऊन अक्षरशः गळत होतं. ताईंनी नमन केलं, निरूपण सुरू केलं, आणि मास्तरांचे ओठ हलायला लागले. वाचत होते! तानेला अक्षरं अडखळत असतील, पण बोलणं सगळं पोचत होतं. मध्येच मास्तर खणखणीत म्हणाले, "ताई, मागच्या श्लोकात एक मात्रा गेली." मंडप हसला. द्वारकाताईंनी कानाची पाळी पकडली, आणि त्यांच्या कीर्तनाला अशी काही फोडणी बसली, की पेटी वाजवणाऱ्या बजरंगचा हात नाचायला लागला. श्रावणबाळापाशी मास्तरांनी चष्मा किंचित वर करून डोळे पुसले, तेव्हा शेजारच्यानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

बारा वाजले. शंख, घंटा, गुलालाचा ढग. बायका पाळण्याशी धावल्या आणि सगळ्यांनी एकदम पाळणा म्हणायला सुरुवात केली. शंभर गळे एकदम. फोन बावचळला. मास्तरांच्या ओठांची हालचाल थांबली, ते इकडे तिकडे बघायला लागले. चष्मा कोरा झाला होता. नेमका जन्माच्या क्षणाला! भाषण टिपणाऱ्या यंत्राला गजर कळत नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती उठायला लागली, कुठे जायचं ते न कळताच.

तेवढ्यात मास्तर उभे राहिले. पाळणा हलताना त्यांना दिसत होता. तो कुठल्या लयीत हलतोय तेही दिसत होतं. त्यांनी हात जोडले आणि कान गेल्यापासून जे कधी केलं नव्हतं ते केलं. गायला लागले. त्यांच्या आईचा पाळणा होता तो, इतर कुणाला ठाऊक नसलेला. "निंब मोहरला दारी, कौसल्येच्या घरी पाळणा." स्वर भलतीकडेच होता. माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नसला की तो वाट सोडतोच.

बायका थबकल्या. द्वारकाताईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. बजरंगनं पेटीवर बोटं फिरवली, दोन स्वर चाचपले आणि मास्तरांचा स्वर जिथे होता तिथे पेटीच नेऊन ठेवली. आणि ताई तोच फोनला जोडलेला माईक घेऊन पुढे आल्या, तो त्यांनी मास्तरांच्या तोंडाशी धरला. लोकांना ऐकू यावं, एवढंच त्यांच्या मनात.

मास्तर एकदम थांबले.

समोर बघत राहिले. पाळण्याच्या वर, पांढऱ्या उन्हात, मोकळ्या हवेत. मग त्यांनी सुनेला शोधलं आणि त्या हवेकडे बोट दाखवून लहान पोरासारखं विचारलं, "पद्मजा, हे मी म्हणतोय?"

ते शब्दही उमटले असणार, कारण ते वाचताना त्यांचे डोळे डावीकडून उजवीकडे गेले. पद्मजानं होकाराची मान हलवली, पुन्हा पुन्हा.

मास्तरांनी डोळे मिटले नाहीत. एरवी गाणारा मिटतो. त्यांनी ते सताड उघडे ठेवले आणि पाळण्याची पुढची ओळ उचलली. हळू, एकेक अक्षर सुटं करून, आपला आवाज कसा दिसतो ते बघत बघत. बजरंगची पेटी त्यांच्यामागून चालली. कुणीतरी पाळण्याची दोरी त्यांच्या हातात दिली.